लव्हिनाचा केक

लव्हिना फुर्टाडो आमच्या इमारतीत राहायला आली आणि मी ख्रिश्चन नसल्याचं एकदम सगळ्यांच्या लक्षात आलं.

त्याआधी वर्तकनगरमधल्या आमच्या इमारतीत ख्रिश्चन म्हणजे आम्हीच होतो. बाबा, म्हणजे दौलत साळवे, पोखरण रोडवरच्या एका कारखान्यात टर्नर होते. आई शेवंती घर बघायची आणि मी, मालन, ठाण्याच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते. आम्ही मूळचे नगरकडचे. रविवारी आम्ही मराठी चर्चला जायचो, तिथे पेटी-तबल्यावर गाणी व्हायची. घरात दारूचा थेंब नाही, इंग्रजी बोलायची बोंब, आणि आई सुती साडीत, डोक्यावर पदर घेऊन उपासनेला बसणारी. आता यात सिनेमातलं ख्रिश्चनपण कुठून दिसणार? कॉलनीतल्या पोरांना ख्रिश्चन म्हटलं की फ्रॉक, गिटार आणि बाटली हवी होती. तिसऱ्या मजल्यावरचा भगवान, मंडळाचा सेक्रेटरी, एकदा जिन्यात मला अडवून अगदी भाबडेपणाने म्हणाला होता, “मालन, तुम्ही खरे ख्रिश्चन की बाटलेले?” मी त्याला काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. बाबांना सांगितलं तर ते हसले आणि त्यांनी त्याला चहाला बोलावलं. माझ्या आईबाबांचं हे असंच असायचं. कोणी चिमटा काढला की ते त्याला बसायला पाट द्यायचे, आणि मी आत स्वयंपाकघरात भांडी आपटायची.

भगवानची बहीण कांता ही माझी मैत्रीण. एकुलती एक म्हणा. मला मैत्रिणी पटकन होत नाहीत, आणि झालेली मी कोणाला वाटून देत नाही. संध्याकाळी गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून आम्ही दोघी बसायचो. तिच्याएवढं मला कोणी हसवलेलं नाही. त्या वर्षी तिच्यासाठी डोंबिवलीतल्या कोपरचं एक स्थळ आलं होतं. मुलगा बँकेत, स्वतःचा ब्लॉक. जानेवारीत ते लोक बघायला येणार होते आणि जमेल असा सगळ्यांचाच अंदाज होता. म्हणजे कांता माझ्या वाट्याला येणार तो हा एकच हिवाळा होता. नेमकी त्याच वर्षी लव्हिना आली.

ती माझगावची, मूळ गोव्याची. आई कुठेतरी फोर्टात टायपिस्ट, वडील वर्कशॉपमध्ये. लव्हिनाला फ्रॉक होते. तिला गिटार वाजवता येत होतं, तीन सूर का होईना. ती इंग्रजीत शिंकायची असं मी कांताला म्हटलं तेव्हा पहिल्यांदाच कांता माझ्या विनोदावर हसली नाही. उलट मला म्हणाली की तू उगाच तिच्यावर खार खातेस, ती किती गोड आहे. गोड होतीच, हीच तर पंचाईत होती. गणपतीत तिने कपाळाला टिळा लावून आरतीत टाळ वाजवले, दोन्ही हात पुढे करून प्रसाद घेतला आणि वर आणखी मागितला. नवरात्रात ती भगवानच्या बरोबरीने दांडिया खेळली. कॉलनीने तिला डोक्यावर घेतलं. बघा, म्हणायचे, ख्रिश्चन असून किती मोकळी. नाहीतर ते साळवे, प्रसादसुद्धा खात नाहीत, कट्टर.

हे प्रसादाचं जरा सांगायला हवं. आमच्या घरात देवापुढे ठेवलेलं खात नाहीत, ही आजीपासूनची शिकवण. आम्ही कॉलनीत नवे आलो तेव्हा कांताची आई, कमळाकाकू, सत्यनारायणाचा शिरा घेऊन आल्या आणि माझ्या आईने हात जोडून तो परत केला. काकूंचा चेहरा पडला. आई रात्रभर तळमळली आणि सकाळी स्वतः त्यांच्याकडे गेली. तुमचा शिरा नको असं नाही, असं तिने त्यांना सांगितलं, आमचा नेम तेवढा असा आहे. कमळाकाकू कोकणातल्या, नेमधर्म त्यांना पक्का कळत होता. त्यानंतर त्यांनी कधीही काही केलं तरी नैवेद्य दाखवण्याआधी आमची वाटी बाजूला काढून ठेवली. आईनेही आपल्या बाजूने एक पाळलं. नाताळला आम्ही करंज्या, शंकरपाळ्या, चिवडा असा फराळ करायचो. त्या फराळाला अंडं लागू द्यायचं नाही, त्याची कढई वेगळी, आणि कमळाकाकूंचा उपास असला की डबा दुसऱ्या दिवशी द्यायचा. हे दोघींनी समोरासमोर बसून कधी ठरवलं नव्हतं. होत गेलं. आणि तरुण मंडळींना यातलं काही दिसत नव्हतं. त्यांना आमच्या करंज्या दिसायच्या आणि त्यांना प्रश्न पडायचा की यांच्याकडे केक का नसतो.

दिवाळी झाली आणि कांता मला दिसेनाशी झाली. एका जिन्यावर राहून माणूस दिसेनासं कसं होतं, ते मला विचारा. ती लव्हिनाकडे असायची. लव्हिनाने तिला कपाळावर केस कापून दिले, लव्हिनाने तिला दोन इंग्रजी गाणी शिकवली, लव्हिनाबरोबर ती नौपाड्यात कापड घ्यायला गेली. मी घरात बसून खिडकीतून त्यांचं हसणं ऐकायची. दिवसा मी आईवर खेकसायची आणि उपासनेला बसल्यावर शेजाऱ्यावर प्रीती करण्याबद्दल काही आलं की डोळे घट्ट मिटून घ्यायची. शेजारी पुष्कळ होते. त्यातल्या बाकी सगळ्यांवर करायला माझी तयारी होती.

डिसेंबरात भगवानने जाहीर केलं की यंदा मंडळातर्फे गच्चीवर ख्रिसमस करायचा. चांदणी लावायची, लव्हिना गाणी म्हणणार, लव्हिनाचा केक. मला कोणी विचारलं नाही. मी म्हटलं, आमच्या चर्चची मुलं गाणी म्हणायला येतील, पेटी घेऊन. त्यावर भगवान म्हणाला की तसं नको, भजनासारखं वाटतं, जरा ख्रिसमस वाटायला पाहिजे. कांता शेजारीच उभी होती. ती काहीच बोलली नाही, आणि मला भगवानपेक्षा तिचाच राग आला.

त्या वर्षी, शहाऐंशी साली, नाताळ गुरुवारी होता. आणि मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार होता.

नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी कांता आमच्या दारात आली. किती दिवसांनी आली होती. मला इतका आनंद झाला की मी तो लपवायला कपाळाला आठ्या घातल्या. तिला माझी पिवळी ओढणी हवी होती, गच्चीवरच्या कार्यक्रमासाठी. मी ओढणी शोधत होते आणि ती मागे उभी राहून भराभरा बोलत होती. उद्या आईच्या लक्ष्मीच्या गुरुवारांचं उद्यापन. कोपरचं स्थळ जमावं म्हणून आईने या वेळी फार कडक केलेत, आतापर्यंतचे तिन्ही गुरुवार पाण्याशिवाय काही घेतलं नाही. संध्याकाळी सवाष्णी येणार. आणि गंमत म्हणजे, कांता म्हणाली, लव्हिना आपला केक आधी आमच्याकडे देणार आहे. आईला इतकी आवडते ती की आई म्हणाली, तिच्याही देवाचा वाढदिवस आहे, तर तो केक लक्ष्मीच्या नैवेद्याच्या ताटात ठेवू. मग त्यावरच उपास सोडायचा आणि नंतर उरलेला गच्चीवर.

माझ्या हातात ओढणी होती. ती मी कांताला दिली. छान, म्हटलं. ती गेली.

लव्हिनाचा केक कशाचा होता हे मला माहीत होतं, कारण महिनाभर ती तेच सगळ्यांना सांगत होती. मनुका रममध्ये भिजत घातल्या होत्या. अंडी डझनाने. तिच्या आजीची गोव्याची पद्धत. तिच्याकडे ती अभिमानाची गोष्ट होती, तिने कोणापासून लपवलं नव्हतं. पण ती हे इंग्रजीतून सांगायची आणि कांताचं लक्ष इंग्रजीकडे असायचं. लव्हिनाला मार्गशीर्ष माहीत नव्हता आणि कांताने केक म्हणजे पाव-बिस्किटासारखी बेकरीची वस्तू एवढाच विचार केला होता. दोघींनाही आपण काय करतोय याचा पत्ता नव्हता. तो मला एकटीला होता.

तेव्हा मला काय वाटलं ते सांगते. मला बरं वाटलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. मला काही करायचंच नव्हतं. फक्त गप्प बसायचं होतं. उद्या संध्याकाळी कमळाकाकू त्या केकवर उपास सोडतील आणि परवा-तेरवा कोणीतरी विचारेल, काय गं लव्हिना, यात काय काय घालतेस. मग बघू मोकळी ख्रिश्चन आणि कट्टर ख्रिश्चन. कांता रडत माझ्याकडे येईल. मी तिच्या पाठीवरून हात फिरवीन आणि म्हणेन, जाऊ दे गं, तिला काय माहीत.

आई करंज्यांचं सारण ढवळत होती. माझा चेहरा तिला वाचता येतो. काय झालं म्हणून तिने विचारलं आणि मी सांगून टाकलं, पण असं सांगितलं की जणू आपल्याला त्याच्याशी काय करायचंय. मी तर वर म्हटलंही की आपण मूर्तीच्या नैवेद्याच्या भानगडीत पडायचंच कशाला, आपला नेमच तसा आहे. हा मुद्दा मला फार बिनतोड वाटला होता.

आईने गॅस बंद केला.

“कमळाताईंचा देव आपला नाही,” ती म्हणाली. “पण कमळाताई आपल्या आहेत.”

मग मी म्हटलं, ठीक आहे, जाते आणि कांताला सांगते. मी उठलेसुद्धा. त्यातही मजा होती. सगळ्या घरासमोर सांगायचं, तुमच्या त्या लाडकीच्या केकात अंडी आहेत, दारू आहे. काकूंनी कानांवर हात ठेवले असते. पण आईने मला दारातच थांबवलं. कांताला सांगून काय होईल, तिने विचारलं. ती लव्हिना बिचारी कॉलनीभर तोंड लपवत फिरेल. “जिचा केक आहे तिला सांग. आणि रिकामं सांगून येऊ नकोस. तिला दुसरं काय करता येईल तेही सांग.”

मी चिडून म्हटलं की ते तिचं ती बघेल. आईने फक्त रव्याचा डबा खाली काढून ओट्यावर ठेवला. वाद घालणाऱ्या माणसाशी भांडता येतं, डबा काढून ठेवणाऱ्या माणसाशी कसं भांडणार?

लव्हिना घरी एकटीच होती. टेबलावर तो केक होता, काळा, जड, कागदात गुंडाळलेला. घरभर त्याचा वास होता आणि वास इतका चांगला होता की मला आणखी राग आला. मी उभ्याउभ्या सांगितलं. मार्गशीर्ष म्हणजे काय, उद्यापन म्हणजे काय, अंडं का चालत नाही, रमचं तर नावच नको. मी मुद्दाम गोड बोलले नाही. तिचा चेहरा उतरत गेला. मला वाटलं होतं ती मला तोडून बोलेल, म्हणेल तू जळतेस. मी त्याची तयारी करून गेले होते.

ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, “मेरेको कुणीच बोललं नाही गं. मी आंटीला खायला दिलं असतं ते.” मग माझ्याकडे बघून म्हणाली, “तू बोलली नसती तरी चाललं असतं तुला. फिर भी आलीस.”

हे तिने का म्हणावं? माझ्या तोंडावर एवढं लिहिलेलं होतं का? मी म्हटलं, आईने पाठवलं. तेवढं खरं मी बोलले.

मग आमच्या स्वयंपाकघरात आम्ही रव्याचा केक केला. खरं म्हणजे मी केला. लव्हिनाला ओव्हनशिवाय केक होतो हेच माहीत नव्हतं. दह्यात भिजवलेला रवा, पिठीसाखर, पातळ केलेलं तूप, चिमूटभर सोडा, वरून वेलची. जुन्या पातेल्यात वाळू घालून ती तापवायची, त्यात केकचा डबा ठेवायचा, वर झाकण, झाकणावर वजन. वाळू समोरच्या बांधकामावरून आणली. आमच्या नाताळला असा केक आई करायची नाही असं नाही, करायची, पण घरातच, कारण केक म्हणजे लोक अंडं समजणार आणि कोणाच्या मनात किंतू यायला नको. लव्हिना माझ्या शेजारी स्टुलावर बसून बघत होती. ती मधेच म्हणाली की कांता नेहमी तुझ्याबद्दल बोलते, मालन असं म्हणाली, मालन तसं म्हणाली, मला तर कंटाळा येतो. मी वाळूकडे बघत राहिले. माझी ऐकण्याची फार इच्छा होती आणि मी पुढे विचारलं नाही.

केक चांगला झाला. तळाला थोडा लागला होता, तो भाग आईने सुरीने तासला. लव्हिनाने रमचा केक घरीच ठेवला आणि हा आपल्या काचेच्या प्लेटमध्ये घेतला, वर टुटीफ्रुटी लावली आणि बघता बघता तो तिचा केक झाला.

गुरुवारी सकाळी आम्ही चर्चला जाऊन आलो. संध्याकाळी उद्यापनाला मी गेले नाही, ते आमच्यात बसत नाही. पण दिवेलागणीनंतर गच्चीवर गेले, न जाऊन सांगणार कोणाला. भगवानने पाण्याच्या टाकीवर मोठी चांदणी टांगली होती. खाली चटया घातल्या होत्या आणि मध्यभागी, फ्रॉकमध्ये, लव्हिना. कांता तिच्या एका बाजूला माझी पिवळी ओढणी घेऊन बसली होती. दुसऱ्या बाजूला चक्क कमळाकाकू, उपास सोडून, साडीचा काठ सावरत. गच्चीवर कधी न येणाऱ्या काकू आज जिने चढून आल्या होत्या.

केकचीच चर्चा चालू होती. काकू सगळ्यांना सांगत होत्या की पोरीने विचारलंसुद्धा नाही, आपणहून बिनअंड्याचा केक करून आणला, आपला गुरुवार आहे हे ध्यानात ठेवून. आजकाल आपल्या मुलींना वार कळत नाही आणि हिला बघा. भगवान म्हणाला, “याला म्हणतात ख्रिश्चन.” पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी जिन्याच्या तोंडाशी उभी होते. माझ्या बोटांना अजून वेलचीचा वास होता. मला वाटलं होतं मला राग येईल, पण राग नव्हता. मला सरळ रडायला येत होतं. मला त्या केकचं कौतुक नको होतं. मला कांताच्या शेजारची जागा हवी होती, आणि ती जागा माझ्याच हाताने केलेल्या केकने दुसरीला मिळवून दिली होती.

तेवढ्यात लव्हिनाने मला पाहिलं. ती उठून उभी राहिली. “नाही आंटी,” ती मोठ्याने म्हणाली. “केक मालनने बनवलाय. मला तर गुरुवारचं काही माहीतच नव्हतं. हिनेच सांगितलं, हिच्या घरीच केला. मी फक्त प्लेट दिली.”

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, आता.

कमळाकाकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी लव्हिनाला हाताला धरून खाली बसवलं आणि तिच्या गालावरून हात फिरवला. किती गं तुझं मन मोठं, त्या म्हणाल्या, मैत्रिणीला कोणी विचारत नाही म्हणून स्वतःच्या कामाचं श्रेयसुद्धा तिला देतेस. लव्हिना म्हणत राहिली, नाही हो आंटी, खरंच. ती जितकं नाही म्हणाली तितकी ती सगळ्यांना आणखी थोर वाटत गेली. भगवान तर म्हणाला की बघा, याला म्हणतात संस्कार. एव्हाना तिच्या कपाळावर घाम आला होता. ती माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे. त्या गच्चीवर खरं काय ते आम्हा दोघींनाच ठाऊक होतं.

कांता उठून माझ्याकडे आली. तिने माझा हात धरला. तिचा हात नेहमीसारखाच गरम होता.

“बघितलंस?” ती म्हणाली. “सगळ्यांसमोर तुझं नाव घेतलं तिने. तू घेतलं असतंस का तिचं?”

मी विचार केला. तिने विचारलं होतं गमतीत, पण मी खरोखरच विचार केला. केक लव्हिनाने केला असता, कौतुक माझं चाललं असतं आणि कांता माझ्या शेजारी बसली असती, तर मी उठून उभी राहिले असते का?

“नसतं घेतलं,” मी म्हटलं.

कांता हसली. मालनचं आपलं काहीतरीच, म्हणाली, आणि ओढणी सावरत चटईकडे वळली. लव्हिना मात्र हसली नाही. तिने ऐकलं होतं. ती कांताच्या शेजारून उठली, जरा पलीकडे सरकली आणि दोघींच्या मधली जागा हाताने झटकून माझ्यासाठी मोकळी केली.

मला तिथे बसायचं नव्हतं. तिने दिलेल्या जागेवर तर मुळीच नाही. पण जागा तेवढी एकच होती, आणि कांता शेजारी होती. मी जाऊन बसले.